अडलेलं पुस्तक आधी बदला

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात असताना आठवड्याला दोन पुस्तकं सहज व्हायची. आता वय चाळिशीला टेकलंय. पुस्तक उघडलं की दहाव्या पानाला हात फोनकडे जातो. कपाटात साठेक पुस्तकं न वाचता पडून आहेत आणि ती बघून अपराधी वाटतं. नऊ वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, ती मराठी पुस्तकाला हात लावत नाही. वाचन परत सुरू कसं करायचं आणि कोणत्या पुस्तकापासून?

मी तालुक्याच्या गावच्या एका सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसते आहे. तिथून जे दिसलं तेच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ मिळत नाही हे कारण मला फारसं पटत नाही. आमच्याकडे एक बाई खानावळ चालवतात. पहाटे पाचला उठतात, रात्री अकराला भांडी आवरतात आणि तरी आठवड्यात दोनदा पुस्तक बदलून नेतात. उलट, निवृत्त झाल्यावर ‘आता नुसतं वाचत बसणार’ असं म्हणून मोठ्या हौसेनं अनामत भरणारे कितीतरी जण चार महिन्यांत यायचे बंद होतात. वाचणारा माणूस थांबतो तेव्हा तो बहुतेक वेळा एखाद्या पुस्तकापाशी थांबलेला असतो.

हे मला कळतं खुणांवरून. पुस्तकं परत येतात तेव्हा त्यांत काहीबाही राहिलेलं असतं. एसटीची तिकिटं, मेडिकलची बिलं, शिंप्याच्या मापाची चिठ्ठी, लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा, एकदा तर चक्क वाळलेलं कढीलिंबाचं पान. त्यासाठी माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. कुणी शोधत आलं तर द्यायला. पण खूण काढण्याआधी मी पानाचा आकडा बघते. जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये ती पन्नास-साठ पानांच्या आतच सापडते. मग त्या सभासदाचं कार्ड काढून बघावं. ते पुस्तक दंडासकट दोन महिन्यांनी परत आलेलं असतं आणि त्यापुढे सहा-आठ महिने नोंदच नसते. पुढे कधी बाजारात भेटले की म्हणतात, ‘वेळच होत नाही हो बाई.’

घाटात एक ट्रक बंद पडला की मागची सगळी वाहनं उभी राहतात. त्यांच्या इंजिनात काही बिघाड नसतो. तुमच्या कपाटातल्या साठ पुस्तकांचं तसंच झालंय का, बघा. त्यांतलं एखादं अर्धवट पुस्तक उशाशी असेल. ‘हे संपवल्याशिवाय दुसरं नाही’ असं तुम्ही मनाशी ठरवलं असेल आणि ते संपत नाही म्हणून दुसरंही सुरू होत नसेल. तसं असेल तर ते आजच उशाशेजारून उचला आणि परत कपाटात ठेवा. कुणाचा अपमान होत नाही.

आपल्याकडे वाचनालयात जाण्याला एक मजेदार शब्द आहे. ‘पुस्तक आणायला’ किंवा ‘पुस्तक परत करायला’ जातो असं फारसं कुणी म्हणत नाही. ‘पुस्तक बदलायला’ जातो म्हणतात. पोरांना पिशवी देऊन घरचे सांगतात, ‘जा, आजीचं पुस्तक बदलून आण.’ बदलायला पुस्तक संपवलेलं असावं लागत नाही. मीही एकतीस वर्षांत कुणाला ‘वाचून झालं का?’ असं विचारलेलं नाही. फक्त मागच्या पट्टीवरची तारीख बघायची, शिक्का मारायचा आणि पुढचं द्यायचं. विकत घेतलेल्या पुस्तकाची गंमत इथेच बिघडते. त्याला परतीची तारीख नसते, ते बदलून मिळत नाही आणि तीनशे-चारशे रुपये मोजलेले असल्यामुळे ते आवडलं नाही हे कबूल करायलाही जड जातं. मी पुस्तकं विकत घेऊ नका असं म्हणत नाही, नाहीतर प्रकाशक माझ्या नावानं बोटं मोडतील. पण सवय मोडलेली असताना विकतचं पुस्तक उपयोगाचं नसतं.

हे सगळं मी शहाणपणानं बोलतेय, पण माझं स्वतःचं वाचन तीन वर्षं बंद होतं. सभोवार तीस हजार पुस्तकं आणि मी फक्त शिक्के मारत होते. झालं होतं असं की, ग्रंथपालानं अमुक एक वाचलेलं असायलाच हवं अशी माझी समजूत होती, म्हणून एक बहुखंडी ग्रंथ मी घरी नेला. नाव सांगत नाही. दोष त्याचा नव्हता. पहिला खंड रडतखडत झाला, दुसरा शंभराव्या पानाशी अडला. तो सोडायचा नाही असा हट्ट, आणि तो हातात घ्यायचा कंटाळा. मग मी रात्री मालिका बघायला लागले.

त्यातून मला बाहेर काढलं एका निवृत्त कंडक्टरनं. हे गृहस्थ रहस्यकथा वाचायचे, दिवसाला एक. अर्नाळकरांची पुस्तकं आमच्याकडे होती तेवढी त्यांनी दोन-दोनदा नेली होती. एक दिवस त्यांनी ‘बनगरवाडी’ परत केलं आणि शिक्का मारायच्या आत ते माझ्याकडेच सरकवलं. ‘बाई, हे तुमच्याच नावावर लावा. त्या बाजूच्या गाडीला होतो मी सात वर्षं. माणसं अशीच आहेत.’ त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? मी ते मराठीच्या तासाला कधीतरी वाचलं होतं, म्हणजे खरं तर वाचलं नव्हतं. धनगरांच्या वाडीवर रुजू झालेला पोरसवदा मास्तर, त्याला हळूहळू जवळ करणारी माणसं आणि मग पडलेला दुष्काळ. एवढंच. १९५५ सालचं छोटेखानी पुस्तक. दोन रात्रींत संपलं. तिसऱ्या रात्री काहीतरी वाचायला हवं असं मला आपोआप वाटलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी सुरू झाली. तो बहुखंडी ग्रंथ दुसऱ्या दिवशी गुपचूप फडताळात गेला. अजून तिथेच आहे.

म्हणून सुरुवातीला पुस्तक बारीक घ्या. दीडशे पानांच्या आतलं. संपवण्याचा आनंद हाही एक आनंद असतो आणि तो तुम्हाला बऱ्याच दिवसांत मिळालेला नाही.

आता कोणतं पुस्तक? रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ते आम्हाला कोर्समध्ये पाठ करायला लावले होते. त्यातले दोन म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेत चार-चार गुणांना लिहिले, पण त्यातल्या ‘त्याचं’ या शब्दाचा अर्थ टेबलावर बसल्यावर कळला. ‘चांगलं पुस्तक द्या’ असं कुणी म्हणालं की मी उलट विचारते, ‘रात्री जागून वाचलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?’ पहिलं उत्तर बहुधा खोटं येतं. लोक एखादं ज्ञानपीठवालं नाव घेतात. मी गप्प राहते. मग आवाज खाली येतो. ‘खरं सांगू का? धारप.’ किंवा ‘सुहास शिरवळकर. कॉलेजात असताना.’ आवाज खाली आला की आपण खऱ्या आवडीपाशी पोचलो असं समजावं. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे बांधणीला दोन-दोनदा पाठवावी लागलेली पुस्तकं नारायण धारपांची आणि शिरवळकरांची आहेत. पुरस्कारांची पुस्तकं अजून पहिल्याच बांधणीत करकरीत आहेत. काही तर इतकी करकरीत की उघडताना कण्याचा कट्टकन आवाज होतो.

तुमचाही खालच्या आवाजातला लेखक कोण, ते आठवा आणि त्याचं न वाचलेलं एखादं घ्या. वाचलेलंच पुन्हा घ्यायचं तर जरा जपून. वीस वर्षांनी पुस्तक तेच असतं, आपण बदललेलो असतो. ‘कोसला’ १९६३ मध्ये आली तेव्हा नेमाडे जेमतेम पंचविशीचे होते. मीही ती विशीत वाचली ती पूर्णपणे तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या बाजूनं. परवा पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा घेतली, तर मी पानोपानी त्याच्या वडिलांनी पाठवलेल्या पैशांचा हिशेब करत होते. कादंबरी तेवढीच आवडली, पण वेगळीच वाटली. काही लाडकी पुस्तकं मात्र दुसऱ्या खेपेला अगदीच पोकळ निघतात आणि त्याचं वाईट वाटतं. सवय नुकती मूळ धरत असताना हा धक्का नको.

दोन-तीन नावं माझ्या पदरची सांगते. इतिहासाची आवड असेल, पण सहाशे पानी कादंबरीचा धसका असेल, तर गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेत गेला आणि बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो गावात होता. मिळवलेलं सगळं लुटलं गेलं आणि शेवटी खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परतला. हे १९०७ मध्ये छापलं गेलं. यात वीररसाचा आव नाही. भूक, भीती, कुठे जेवायला काय मिळालं, कुठे पाय सुजले, असं सगळं आपल्या आजोबांनी सांगावं तसं. पहिली काही पानं जुनी भाषा अडखळवते. पंधराव्या पानापर्यंत कान तयार होतो.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. नवऱ्यानं, कवी ना. वा. टिळकांनी घरीच शिकवलं, तेही धरसोडीनं. आणि तिनं लिहिलं ते मराठीतलं सर्वांत खळखळून हसवणारं आत्मचरित्र. सोवळ्याच्या घरातून निघून नवरा ख्रिस्ती होतो, संसार मोडतो, पुन्हा जुळतो, आणि हे सगळं सांगताना बाई स्वतःवर हसतात. ते सलग वाचायची गरज नाही. कुठलंही पान उघडावं. आमच्या खानावळवाल्या बाईंनी हे पाच वेळा नेलंय. त्या म्हणतात, ‘कणीक तिंबताना आठवून हसू येतं.’

तिसरं जरा वेगळ्या कारणासाठी. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये मराठी महिन्यांवर एकेक लेख आहे. मी ते वर्षभर वाचते. चैत्र लागला की चैत्र, आषाढ लागला की आषाढ. महिन्यातून एकदा, पाऊण तास. मग खिडकीबाहेरच्या पांगाऱ्याकडे जरा निराळं बघणं होतं. वाचनाची सवय म्हणजे रोज इतकी पानं, असा एकच साचा नसतो, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं.

आणि दिवाळी अंक. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला काढला, तेव्हापासून हे आपल्या लोकांचं हक्काचं वाचन आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे पुस्तकांपेक्षा अंकांची देवघेव जास्त असते. एरवी वर्षभर न फिरकणारी माणसं त्यासाठी वेगळी वर्गणी भरतात. याचं कारण मी बरेच दिवस शोधत होते. दिवाळी अंक कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही आणि त्याबद्दल कुणाला अपराधीही वाटत नाही. कथा आवडली नाही तर पुढे, लेख लांबला तर व्यंगचित्र, नाहीतर राशिभविष्य. हीच मोकळीक पुस्तकाशी घेतली तर तुमचं निम्मं काम होईल. गेल्या वर्षीचा एखादा जाड अंक घरात पडला असेल, तर पुस्तकाआधी तोच घ्या.

फोनबद्दल फार प्रवचन करत नाही. मी स्वतः रात्रीचा ओटा आवरला की जेवणाच्या टेबलाशीच बसते. पलंगावर नाही, तिथे झोप येते. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. उठून जावं लागतं एवढा अडथळा पुरतो. आपण आळशी असतो, त्याचा फायदा घ्यायचा. अर्धा तास ठरवून बसते, कधी वीस मिनिटांत डोळे मिटतात, कधी बारा वाजतात. पहिली चार-पाच पानं जड जातात, रोज जातात, अजूनही. तुमचा हात दहाव्या पानाला फोनकडे जातो म्हणता, म्हणजे अगदी रंगात यायच्या वेळी जातो. त्या वेळी फोन हाताशी नसेल तर हात परत येतो, असा माझा अनुभव आहे.

कानानं ऐकण्याला काही लोक वाचन मानत नाहीत. मला ते पटत नाही. आमच्या लहानपणी चातुर्मासात देवळात पोथी लागायची. एक जण वाचायचा, पन्नास जणी वाती वळत ऐकायच्या. त्यांतल्या निम्म्याजणींना अक्षरओळख नव्हती आणि त्यांना सगळी पोथी तोंडपाठ होती. स्वयंपाक करताना, बसमधून जाताना पुस्तक ऐका खुशाल.

पोथीवरून मुलीकडे येते, कारण तिचा उपाय तोच आहे. तुमच्या मुलीला मराठी येतं. बोलता येतं, समजतं. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे अक्षरं लावताही येत असणार. अडतं ते वेगाशी. इंग्रजी पुस्तकात तिचा डोळा धावतो, मराठीत जोडाक्षरापाशी ठेचकाळतो, आणि नऊ वर्षांच्या माणसाला स्वतःचं ठेचकाळणं आवडत नाही. तिच्या हातात पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणू नका. तुम्ही मोठ्यानं वाचा, ती ऐकेल. प्रसंग रंगात आला की तहान लागली म्हणून उठा. पुस्तक उघडं ठेवून. पुढे काय झालं हे कळायला तिला स्वतः एक परिच्छेद तरी लावावा लागेल. हा आगाऊपणा माझ्या मुलावर लागू पडला होता. तेव्हा पुस्तक होतं भा. रा. भागवतांचं, फुरसुंगीच्या फास्टर फेणेचं. सायकलवरून पुण्यात धुडगूस घालणारा आणि ‘ट्टॉक’ करणारा तो बारकेला पोरगा आजच्या पोरांनाही आवडतो, बघा. एकेक गोष्ट म्हणायची तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक. १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात.

‘श्यामची आई’ संस्कारांसाठी म्हणून तिच्या माथी मारू नका, एवढी विनंती. संस्कार म्हटलं की मुलं पळतात. पण तिला गोष्टी ऐकायला आवडतात असं दिसलं तर ते जरूर घ्या, कारण ते मुळात ऐकवण्यासाठीच लिहिलेलं आहे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यातलं बहुतेक अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. त्यातली प्रकरणं म्हणजे ‘रात्री’ आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. एका रात्रीला एक रात्र. तुम्हाला वाचताना हुंदका आला तर येऊ द्या. माझा मुलगा पुस्तकापेक्षा आई रडते कशी हे बघायला रोज येऊन बसायचा.

शेवटी तुमच्या साठ पुस्तकांचं. शक्य असेल तर जवळच्या वाचनालयाचे सभासद व्हाच. राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि बहुतेकांची महिन्याची वर्गणी हॉटेलातल्या एका न्याहारीपेक्षा जास्त नसते. पण ते होईपर्यंत घरातच वाचनालय करा. साठांतली पाच काढा. निवडताना पहिलं पान आणि मधलं कुठलं तरी एक पान वाचून बघा. लेखक पहिलं पान घासून-पुसून लिहितो, मधल्या पानावर तो जसा आहे तसा सापडतो. बाकीची पंचावन्न पेटीत भरून माळ्यावर टाका, रोज नजरेला पडायला नकोत. या पाचांच्या शेवटच्या पानावर आमच्यासारखी पट्टी चिकटवा आणि आजपासून पंधरा दिवसांची तारीख घाला. तारीख आली की पुस्तक पेटीत, झालेलं असो की नसो, आणि पेटीतलं दुसरं बाहेर. तारीख मुलीच्या हातानं घाला. मुलांना शिक्का मारायला फार आवडतं. तारखेचा शिक्का स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

पट्टी चिकटवायला फेव्हिकॉल वापरू नका. पान आखडतं आणि पुढे पट्टी बदलायची झाली तर कागदासकट निघते. मैद्याची पातळ खळ करा, आम्ही बांधणीच्या खळीत किड्यांसाठी चिमूटभर मोरचूद घालतो, पण ते विष आहे आणि घरात मूल आहे म्हणून तुम्ही घालू नका. आणि खळ फक्त वरच्या कडेला लावा, बोटभर. खालची बाजू मोकळी राहू द्या.